मोठे सांगाडे, लहान नांग्या

आजच्या गप्पांत आपण इतिहासात जाणार आहोत, पण राजे-महाराजांच्या नाही. हा इतिहास आहे वीस कोटी वर्षांपूर्वीच्या एका समुद्राचा, आणि तो समुद्र दगडातून उकरून काढणाऱ्या एका गरीब घरच्या मुलीचा. हातातलं काम चालू असेल तर चालू द्या, कान तेवढे इकडे असू द्या.

सुरुवात खेकड्यापासून करू. भातशेतीच्या गावात बांधावर खेकड्याची बिळं असतात. पावसाळ्यात ओढ्याकाठी कधी कधी खेकड्याचं अख्खं रिकामं कवच पडलेलं दिसतं. पाय आहेत, नांग्या आहेत, पण आत काहीच नाही. लहान पोरांना वाटतं, खेकडा मेला. जाणत्या बाईला ठाऊक असतं की त्यानं कात टाकली आणि तो मऊ अंगानं कुठं तरी दगडाखाली दडून बसला आहे. खेकडा वाढतो, पण त्याचं कवच वाढत नाही. म्हणून जुनं टाकून नवं करावं लागतं. कोळंबीचंही तसंच, शेवंडाचंही तसंच. ही सगळी एका मोठ्या कुळातली भावंडं. शास्त्रात त्यांना कवचधारी प्राणी म्हणतात.

आता समजा, असं एखादं कवच समुद्राच्या तळाशी गाळात पडलं. त्यावर आणखी गाळ साचला. वर्षामागून वर्षं, थरावर थर. दाबानं गाळाचा दगड झाला आणि त्या दगडात कवचाचा आकार तसाच राहिला. यालाच जीवाश्म म्हणतात. माशाचा होतो, शिंपल्याचा होतो, झाडाच्या पानाचाही होतो. आणि त्याच गाळात शेजारी एखादा बैलगाडीएवढा प्राणी मरून पडला असेल, तर त्याच्या हाडांचाही होतो.

असा शेजार जिथं खरोखर सापडतो, त्या गावाचं नाव लाइम रेजिस. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेट नावाच्या भागातलं हे छोटं गाव. गावाच्या दोन्ही बाजूंना समुद्राला लागून उंच कडे आहेत. त्या कड्यांकडे पाहिलं तर भाकरींची चळत रचावी तसे थर दिसतात. एक थर फिकट करड्या चुनखडीचा, त्यावर एक काळपट, पाटीसारख्या पापुद्र्यांच्या दगडाचा, पुन्हा चुनखडी, पुन्हा काळा. हे सगळे थर म्हणजे जवळपास वीस कोटी वर्षांपूर्वीच्या उबदार समुद्राचा गाळ.

त्या समुद्रात कोण राहत होतं? एक होता इक्थिओसॉर. या नावाचा अर्थ मासा-सरडा. दिसायला मोठ्या माशासारखा, लांब चोच, चोचीत दातांच्या रांगा, थाळीएवढे डोळे. पण तो मासा नव्हता. सापा-सरड्यांसारखा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वर्गातला होता. श्वास घ्यायला त्याला पाण्याच्या वर यावं लागे, आणि मादी अंडी न घालता जिवंत पिल्लं देई. दुसरा होता प्लेसिओसॉर. त्याचं अंग कासवासारखं रुंद, चार वल्ह्यांसारखे पाय आणि भली लांब मान. या मोठ्यांच्या भोवती मासे होते, गोगलगाईसारख्या वळणदार शंखाचे अमोनाइट होते, माकुळाच्या नात्यातले बेलेम्नाइट होते. आणि तळाशी, गाळात, नांग्यांनी चाचपत फिरणारे कवचधारी होते.

या गावात २१ मे १७९९ रोजी मेरी अ‍ॅनिंगचा जन्म झाला. वडील रिचर्ड सुतारकाम करायचे. जोडधंदा म्हणून समुद्राकाठी सापडणारे चमत्कारिक दगड गोळा करून हवापालटाला आलेल्या पाहुण्यांना विकायचे. आईचं नावही मेरीच, पण तिला मॉली म्हणत. या जोडप्याला बरीच मुलं झाली, जगली दोनच, मेरी आणि तिचा थोरला भाऊ जोसेफ. वडील दोघांना घेऊन कड्याखाली जायचे. कोणता दगड फोडायचा, कोणता तसाच ठेवायचा, हातोडी कुठं मारायची, हे मेरी वडिलांकडून शिकली. शाळा म्हणाल तर चर्चची रविवारची शाळा. तिथं तिला लिहा-वाचायला आलं.

१८१० साली वडील वारले. मेरी तेव्हा अकरा वर्षांची. मागे राहिलं १२० पौंडांचं कर्ज. सुतारकाम बंद, घरात कमावतं कोणी नाही. गावच्या चर्चकडून गरिबांना मिळणाऱ्या मदतीवर घर चालवायची पाळी आली. नवरा गेल्यावर डोक्यावर कर्ज आणि पदरी मुलं, ही गोष्ट आपल्या गटातल्या कितीतरी जणींना कोणी समजावून सांगायची गरज नाही. मॉलीनं नवऱ्याचा जोडधंदा सोडला नाही. मुलं दगड आणत, ती गिऱ्हाईक करी. पुढं १८२१ साली याच बाईनं लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पत्र लिहून एका जीवाश्माचे राहिलेले पैसे मागितले. पुस्तकांत मेरीचं नाव येतं, पण सुरुवातीच्या वर्षांत व्यवहार सांभाळणारी तिची आई होती, हे आम्हाला मुद्दाम सांगावंसं वाटतं.

हे काम सोपं नव्हतं. चांगले जीवाश्म मिळत ते हिवाळ्यात, कारण पावसानं आणि लाटांनी तेव्हाच दरडी कोसळत आणि नवा दगड उघडा पडे. तो लगेच उचलला नाही तर पुढची भरती तो घेऊन जाई. म्हणजे ज्या दिवसांत कड्याखाली जाणं सगळ्यांत धोक्याचं, त्याच दिवसांत जावं लागे. १८३३ च्या ऑक्टोबरमध्ये अशीच दरड कोसळली. मेरीचा नेहमी सोबत असणारा कुत्रा, ट्रे, तिच्या पायाजवळच दरडीखाली सापडून मेला. ती स्वतः थोडक्यात वाचली.

१८११ मध्ये जोसेफला कड्यात एक कवटी दिसली, चार फूट लांब. कोणाला वाटलं मगर असेल. बाकीचं धड मात्र सापडेना. पुढं वर्षभर मेरीनं त्या जागेवर नजर ठेवली, आणि १८१२ मध्ये बाराएक वर्षांच्या त्या पोरीला उरलेला सांगाडा सापडला. मजूर लावून तो काढला. गावच्या जमीनदारानं, हेन्री हेन्ली यांनी, तो २३ पौंडांना घेतला. अ‍ॅनिंगांच्या घराला तेव्हा हा मोठा आधार होता. पुढं तो सांगाडा लंडनच्या एका खासगी संग्रहालयात लोकांना दाखवायला ठेवला गेला, आणि १८१९ मध्ये लिलावात ब्रिटिश म्युझियमनं तो ४५ पौंडांना विकत घेतला. जवळपास दुप्पट. माल काढणारी एक आणि वाढलेला भाव घेणारा दुसरा, हे गणित आपल्या बाजारातही चालतं. १८१४ मध्ये त्या प्राण्यावर पहिला शास्त्रीय लेख छापून आला, तो सर एव्हरार्ड होम यांनी लिहिला होता. सांगाडा शोधणाऱ्या घराचं नाव त्यात नव्हतं.

आता आपण त्या मोठ्या सांगाड्याच्या शेजारच्या लहान जिवांकडे येऊ. लाइम रेजिसच्या याच थरांत कवचधाऱ्यांचे जीवाश्म मिळतात. त्यातला एक फार पाहण्यासारखा आहे. शेवंड वरून दाबून चपटं केलं तर कसं दिसेल, तसा. अंग रुंद आणि पसरट, कडेला काटे. आणि नांग्या! आपल्या खेकड्याला नांग्यांची एकच जोडी असते. याच्या पहिल्या चार पायांच्या जोड्यांना नांग्या. पहिली जोडी सगळ्यांत लांब आणि बारीक.

असे जीवाश्म हाडांच्या मानानं दुर्मीळ असतात. त्याचं कारण तुम्ही स्वयंपाकघरात पाहिलेलं आहे. मटणाचं हाड उकिरड्यावर महिनोन्‌महिने राहतं. कोळंबीची सालं दोन दिवसांत कुजून वास मारायला लागतात आणि थोड्याच दिवसांत काही उरत नाही. कवचधाऱ्यांचं पातळ कवच असंच लवकर मोडतं. पाय वेगळे होतात, नांग्या वेगळ्या होतात. अख्खा प्राणी दगडात राहायचा तर तो लगेच गाळाखाली झाकला जावा लागतो. आणि जो सापडतो तो बऱ्याचदा मेलेला प्राणी नसतोच, टाकलेली कात असते. एका प्राण्यानं आयुष्यात किती तरी कवचं टाकलेली असतात, त्यातलं एखादं दगडात उरतं.

या कवचधाऱ्यांचा आणि मोठ्या सांगाड्यांचा संबंध आहे. तो कळायला बांधावरचं खेकड्याचं बीळ आठवा. खेकडा बीळ करतो तेव्हा माती वर-खाली करतो. भाताच्या बांधाला त्यानं भोक पाडलं की पाणी निघून जातं, म्हणून आपण त्याला शिव्या घालतो. समुद्राच्या तळाशीही हेच चालतं. लाइम रेजिसच्या फिकट चुनखडीच्या थरांत जागोजागी अशी दगड झालेली बिळं दिसतात, फांद्या फुटलेल्या बोगद्यांसारखी. त्यातली कित्येक कवचधाऱ्यांनी केलेली. वरचा काळा गाळ बिळात शिरून बसला, म्हणून फिकट दगडात ती काळी उठून दिसतात. काळ्या पापुद्र्यांच्या कित्येक थरांत मात्र बिळं नाहीतच. पापुद्रे वहीच्या पानांसारखे सरळ, कोणी हलवलेले नाहीत.

याचा अर्थ काय? बीळ करणाऱ्या जिवाला श्वासाला हवा लागते, म्हणजे पाण्यात मिसळलेला प्राणवायू. फिकट थर साचत होते तेव्हा तळाशी प्राणवायू होता, म्हणून तिथं वस्ती होती. पापुद्र्यांचे काळे थर साचत होते तेव्हा तळाशी प्राणवायू फार कमी होता, म्हणून तिथं कोणी फिरकत नव्हतं. आता विचार करा. ज्या तळावर खेकड्याच्या कुळातले जीव वावरतात, तिथं मेलेला प्राणी पडला तर ते त्याचे लचके तोडणार, हाडं पसरणार. जिथं कोणीच नाही, तिथं तो जसा पडला तसा गाळात झाकला जाणार. म्हणून एखादा सांगाडा अख्खा का मिळाला आणि दुसऱ्याची हाडं का विखुरली, हे ठरवताना अभ्यासक दगडातली बिळंही बघतात. वीस हात लांबीचा प्राणी स्वतः सांगू शकत नाही, ते बोटाएवढ्या जिवाचं बीळ सांगतं.

लहान वस्तूंकडे असं बघण्याची नजर मेरीकडे होती. सांगाडे काढताना तिच्या लक्षात आलं की इक्थिओसॉरच्या पोटाच्या जागी काही गुठळ्यांसारखे दगड मिळतात. लोक त्यांना औषधी खडे समजत. मेरीनं ते फोडून पाहिले, तर आत माशांची हाडं आणि खवले. १८२९ मध्ये ऑक्सफर्डचे प्राध्यापक विल्यम बकलंड यांनी जाहीर केलं की या प्राण्यांच्या दगड झालेल्या लेंड्या आहेत, आणि त्यांनी मेरीच्या निरीक्षणाचा उल्लेख केला. कोण काय खात होतं, हे असं कळलं. शेण बघून जनावराचं दुखणं ओळखणाऱ्या आपल्या बायकांना यात काही नवल वाटणार नाही.

मेरी आणखी एक करायची. आजच्या समुद्रातले मासे आणि माकुळाच्या जातीचे जीव आणून ती स्वतः चिरायची. मासळी साफ करताना आपणही आतला भाग बघतोच, पण ती काटे, हाडं, पिशव्या दगडातल्या आकारांशी ताडून बघायची. १८२६ मध्ये तिला एका बेलेम्नाइटमध्ये शाईची वाळलेली पिशवी सापडली. माकूळ साफ करताना काळी शाई निघते ना, तीच. तिची मैत्रीण एलिझाबेथ फिलपॉट हिनं ती कोट्यवधी वर्षांची शाई पाण्यात कालवली आणि तिनंच जीवाश्मांची चित्रं काढली.

या एलिझाबेथबद्दल थोडं सांगायला हवं. फिलपॉट घराण्यातल्या तीन अविवाहित बहिणी, मेरी, मार्गारेट आणि एलिझाबेथ, १८०५ मध्ये लाइम रेजिसला राहायला आल्या. घर खाऊनपिऊन सुखी. एलिझाबेथ आपल्या मेरीपेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी मोठी. पण दोघी बरोबरीनं कड्याखाली हिंडत. मेरीनं शास्त्राची पुस्तकं वाचावी म्हणून एलिझाबेथनं तिला धीर दिला. मेरी इतरांचे शास्त्रीय लेख मागून आणी आणि अख्खे हातानं उतरवून घेई, आतल्या चित्रांसकट. विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून लेखणी चालवली. १८२४ मध्ये तिला भेटायला आलेल्या एका श्रीमंत बाईनं आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं आहे की, मोठमोठे प्राध्यापक या मुलीशी चर्चा करतात आणि या विषयात तिला अधिक कळतं, हे मान्य करतात.

बंद खोलीत मान्य करणं आणि चार लोकांत नाव घेणं यांत मात्र फरक पडतो. १८२३ च्या डिसेंबरात मेरीला प्लेसिओसॉरचा पहिला जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला. फ्रान्सचे जॉर्ज कुव्हिए हे तेव्हा या विषयातले सगळ्यांत मोठे नाव. चित्र पाहून त्यांना वाटलं, इतकी लांब मान असूच शकत नाही, दोन प्राण्यांची हाडं जोडली असणार. हा आरोप टिकला असता तर मेरीचा धंदाच बुडाला असता. खोटा माल विकणारी, असा शिक्का एकदा बसला की गिऱ्हाईक परत येत नाही. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत, म्हणजे भूशास्त्रज्ञांच्या मंडळात, यावर चर्चा झाली. सांगाडा खरा ठरला. कुव्हिएंनी आपलं म्हणणं मागं घेतलं. २० फेब्रुवारी १८२४ च्या सभेत विल्यम कॉनीबेअर यांनी त्या प्राण्यावर भाषण केलं. मेरीचं नाव त्यांनी घेतलं नाही. ती त्या सभेत नव्हतीच, कारण त्या मंडळात बायकांना प्रवेश नव्हता. पहिल्या महिला सभासद तिथं १९१९ मध्ये झाल्या.

आता त्या चार जोड्या नांग्यांच्या प्राण्याचं बारसं ऐका. १८३५ मध्ये विल्यम ब्रॉडरिप यांनी लाइम रेजिसच्या अशा जीवाश्माचं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्याला नाव दिलं, कोलिया. हे नाव लॉर्ड कोल या आयरिश उमरावाच्या नावावरून. त्यांचा जीवाश्मांचा मोठा संग्रह होता. ज्याच्या कपाटात वस्तू, त्याचं नाव वस्तूला. तो दगड कड्यातून कोणी काढला, कोणी साफ केला, हे त्या नावावरून कळत नाही. मेरीच्या हयातीत तिचं नाव जीवाश्मांना दिलं ते बाहेरून आलेल्या माणसानं, स्वित्झर्लंडच्या लुई अगासी यांनी. १८३४ मध्ये ते लाइम रेजिसला आले होते. मेरी आणि एलिझाबेथनं त्यांना माशांचे जीवाश्म दाखवले, समजावले. त्यांनी पुढं माशांच्या दोन जातींना मेरीचं आणि एका जातीला फिलपॉट नाव दिलं. ज्यांच्याकडून शिकलो त्यांचं नाव घ्यायला त्यांना कमीपणा वाटला नाही.

कोलियाच्या कुळाचं पुढं काय झालं, हेही ऐकण्यासारखं आहे. इक्थिओसॉर संपले, प्लेसिओसॉर संपले. समुद्राचे ते राजे आज कुठंच नाहीत. पण नांग्यांच्या या चपट्या शेवंडांचे नातेवाईक उरले. १८७२ ते १८७६ या काळात चॅलेंजर नावाचं इंग्रजी जहाज जगाच्या समुद्रांचा अभ्यास करत फिरलं. १८७३ मध्ये त्यांच्या जाळ्यात खूप खोल पाण्यातून असा एक जीव आला, चपटा, लांब नांग्यांचा, आणि आंधळा. जहाजावरचा तरुण जर्मन अभ्यासक रुडॉल्फ फॉन विलेमोस-झूम यानं त्याचं वर्णन केलं. दगडातल्या त्या जुन्या जीवांशी त्याचं नातं अभ्यासकांच्या ध्यानात आलं. वीस कोटी वर्षांपूर्वीच्या त्याच्या पूर्वजांना डोळे होते. खोल काळोखात राहायला गेलेल्या वंशजांना त्यांची गरज उरली नाही. या कुळातले जीव आज आपल्या हिंदी महासागराच्या खोल पाण्यातही आहेत. आपल्या बाजारात ते येत नाहीत, कारण जिथं सूर्याचा उजेड पोचत नाही तिथं त्यांचा मुक्काम.

तुम्ही विचाराल, असे सांगाडे आपल्याकडे का नाहीत? महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून वाहिलेल्या तप्त लाव्हाचा झालेला आहे. तापलेल्या लाव्हात समुद्रातला जीव कुठून सापडणार? पण शेजारच्या गुजरातेत, कच्छमध्ये, जुन्या समुद्राचा गाळ उघड्यावर आहे. भूजजवळच्या लोडाई गावापाशी सुमारे साडेपाच मीटर लांबीचा इक्थिओसॉर मिळाला. २०१७ मध्ये दिल्ली विद्यापीठाचे गुंटुपल्ली प्रसाद आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. वय सुमारे पंधरा कोटी वर्षं. त्याच्यासोबतही अमोनाइट आणि बेलेम्नाइट होते. म्हणजे मेरीनं लाइम रेजिसला पाहिलेलं कुटुंब आपल्या देशाच्या किनाऱ्यालाही नांदत होतं.

मेरीच्या नशिबी पैसा टिकला नाही. १८२० मध्ये अशी वेळ आली होती की घरातलं सामान विकायला काढावं लागणार होतं. तेव्हा थॉमस बर्च नावाच्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्यानं स्वतःचा जीवाश्मांचा संग्रह लिलावात काढला आणि त्याचे ४०० पौंड या घराला दिले. त्यातला बराचसा माल त्यानं अ‍ॅनिंगांकडूनच घेतलेला होता. १८२६ मध्ये मेरीनं काचेची खिडकी असलेलं स्वतःचं दुकान मांडलं. १८३५ मध्ये तिची साठवलेली पुंजी बुडाली. मग बकलंड यांनी खटपट करून तिला वर्षाला २५ पौंडांचं मानधन मिळवून दिलं. ९ मार्च १८४७ रोजी स्तनाच्या कर्करोगानं ती गेली. वय सत्तेचाळीस. दुखणं सहन व्हावं म्हणून ती अफूचं औषध घ्यायची. त्यानं तोल जायचा. गावातले काही लोक म्हणायचे, दारू पिते. आजारी बाईबद्दल लोक काय काय बोलतात, ते आपल्याला माहीत आहे. स्तनात गाठ लागली तर लाजून अंगावर काढू नका, आशाताईंना सांगा, दवाखान्यात दाखवा, एवढं या निमित्तानं आम्ही सांगतोच.

ती गेल्यावर भूशास्त्रज्ञांच्या मंडळात तिच्यावर श्रद्धांजलीचं भाषण झालं. १८५० मध्ये गावच्या चर्चमध्ये तिच्या स्मरणार्थ रंगीत काचेची खिडकी बसवली. पुढं अभ्यासकांनी आणखी काही जीवाश्मांना तिचं नाव दिलं. त्यात एक कवचधारीही आहे. त्याचं नाव सायथेरेलॉइडिया अ‍ॅनिंगी. हा जीव इतका बारीक की भिंगाखालीच नीट दिसतो. खेकड्याच्याच मोठ्या कुळातला, पण दोन इवल्या झडपांच्या शिंपलीत बसलेला. एका उमरावाचं नाव शेवंडाला आणि मेरीचं नाव मोहरीहून लहान शिंपलीला. तरी आम्हाला त्याचं वाईट वाटत नाही. असे बारीक कवचधारी दगडाच्या मुठीभर भुग्यातही पुष्कळ मिळतात, आणि थर कोणत्या काळातला हे ठरवायला अभ्यासकांना त्यांचाच मोठा उपयोग होतो.

२१ मे २०२२ रोजी, तिच्या वाढदिवशी, लाइम रेजिसमध्ये मेरीचा पुतळा उभा राहिला. हातात हातोडी, सोबत ट्रे कुत्रा. आपल्या गावात मेरीचा पुतळा का नाही, असं एका शाळकरी मुलीनं विचारलं. मग तिनं आणि तिच्या आईनं मिळून लोकांकडून पैसे जमवले आणि हे काम तडीस नेलं.

मैत्रिणींनो, ही सगळी हकिगत सांगण्यामागं आमचा एक हेतू आहे. मेरीला कळत होतं, हे तिच्या भोवतालच्या सगळ्यांना माहीत होतं. लिहिताना मात्र तिचं नाव गळलं. तिच्या हातचे कितीतरी जीवाश्म आज संग्रहालयांत आहेत, आणि ते तिनंच काढले हे सांगता येत नाही, कारण विकत घेणाऱ्यानं चिठ्ठीवर फक्त स्वतःचं नाव लिहिलं. नाव लिहिणं ही दोन मिनिटांची गोष्ट. ती त्या वेळी केली नाही, तर दोनशे वर्षांनी कितीही हुशार माणूस आला तरी त्याला ती भरून काढता येत नाही.

आपल्याकडे ग्रामपंचायतीत जैवविविधता नोंदवही करायची असते. गावातली झाडं, औषधी, मासे, खेकडे, बी-बियाणं यांची माहिती त्यात लिहायची असते. कोणता खेकडा कोणत्या ओढ्यात मिळतो, कधी पकडायचा नाही, कात टाकलेला कसा ओळखायचा, हे गावातल्या ज्या बाईला सगळ्यांत चांगलं माहीत आहे, तिला गटाच्या पुढच्या बैठकीला बोलवा. ती सांगेल ते एकीनं लिहून घ्या. खाली तारीख घाला. आणि सांगणारीची हरकत नसेल, तर तिचं पूर्ण नाव लिहा. अमक्याची बायको किंवा तमक्याची आई असं नको, तिचं स्वतःचं नाव. मग ते पान ग्रामपंचायतीत द्या आणि एक प्रत गटाच्या दप्तरात ठेवा.

लिहून झालं की आम्हालाही कळवा. तुमच्या गावातल्या खेकड्यांची नावं, सांगणारीच्या नावासकट, आम्ही रेडिओवर वाचून दाखवू. नमस्कार.